बी-७०४ ची तक्रार

सोमवार, ६ जानेवारी

दिगंबर सरांनी आज केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. ते दार लावतात तेव्हा एक तर बढती असते किंवा झाडाझडती. आज दोन्हीच्या मधलं काहीतरी निघालं. मांजरी गावातल्या साइटचा दुसरा टप्पा, शहाण्णव घरं, माझ्याकडे द्यायचा त्यांचा विचार आहे. अट एकच. पहिल्या टप्प्यातल्या अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस घरांची ताबापत्रं सह्या होऊन गुढीपाडव्यापर्यंत त्यांच्या टेबलावर हवीत. ताबापत्राचं शेवटचं वाक्य आहे 'माझी कोणतीही तक्रार शिल्लक नाही.' सर म्हणाले, "नम्रता, त्या वाक्याखालची सही हेच आपलं उत्पादन. सिमेंट-बिमेंट नंतर." एक जरी राहिलं तर दुसरा टप्पा केदारला.

केदार आमच्या दुसऱ्या साइटवर आहे, कामाला चांगला आहे. काळजी त्याचीच वाटते.

नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या टप्प्यांवर राबते आहे. हा माझा हवाय. आईला अजून सांगितलं नाही. सांगितलं की विश्रांतवाडीहून यवतमाळपर्यंत फोन लागतील.

माझी पद्धत पक्की आहे. ग्राहकाने दोष दाखवायचा, मी यादीत क्रमांक टाकायचा, त्या जागी लाल गोल स्टिकर लावायचा. दुरुस्ती झाली की पिवळा. ग्राहकाने पाहून मान्य केलं की हिरवा. सगळं घर हिरवं झालं की सही. क्रमांक नाही तर तक्रार नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

बी-७०४. नारायण पेठेतलं जोडपं, दीनानाथकाका आणि वासंतीकाकू. तिथे तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि काकांचा गुडघा, म्हणून इकडे घर घेतलंय. काका पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं दर्जा तपासनीस होते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी आज रजा टाकली असती.

त्यांनी खिशातून काचेची गोटी काढली आणि हॉलमध्ये मधोमध ठेवली. गोटी जराशी थबकली, मग निवांत बाल्कनीकडे निघाली.

"हिला उसाचं शेत बघायचंय वाटतं," काका म्हणाले. "लिहा. पहिला."

खिडकीपाशी : "उघडते झकास. बंद करायचे वेगळे पैसे आहेत का?" बाथरूममध्ये : "नळाला पाणी येतं, भिंतीलाही येतं. पाणीपट्टी कुणाच्या नावे?" एकोणतीस मुद्दे झाले. बद्रीनाथ मिस्त्री माझ्या मागून स्टिकर लावत होता. जिन्यात मला म्हणाला, "मॅडम, मी बावीस वर्षं गवंडीकाम करतोय. आज पहिल्यांदाच परीक्षेला बसल्यासारखं वाटलं बघा."

काकू शांत बाई. सगळा वेळ स्वयंपाकघरात ओट्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "इथे उभं राहून बघितलंय का गं कुणी?" मी म्हटलं, "हो काकू, महिनाभर रोज सहा माणसं उभी होती." त्या हसल्या. समाधानी ग्राहक.

गुरुवार, १६ जानेवारी

एकोणतीसपैकी चोवीस पिवळे करून ठेवले होते. काकांनी अठरा हिरवे केले आणि चौदा नवीन काढले. गणित माझ्या बाजूने नाही. दारामागची, भिंतीच्या पायथ्याची पट्टी दीड मिलिमीटर बाहेर आहे म्हणे. "दारामागे कोण बघतंय काका?" मी विचारलं. "मी," ते म्हणाले.

काकूंनी तिळाच्या वड्या आणल्या होत्या. मला आणि बद्रीनाथला दोन-दोन, काकांना एक. "ह्यांची साखर," म्हणाल्या. "ह्यांच्या साखरेवर मात्र कुणी लाल टिकली लावत नाही."

ते गेल्यावर ओट्याच्या कडेला एक लाल स्टिकर दिसला. यादीत क्रमांक नाही. बद्रीनाथच्या हातून चिकटला असणार. काढून टाकला.

गुरुवार, २३ जानेवारी

बी-७०४ मध्ये आता पाच लाल. बाकीच्या इमारतीत एकतीस सह्या झाल्या. ग्राहक एकदा खुलला की भराभर सह्या होतात. बहुतेक कागदांवर नाव बायकोचं असतं, मुद्रांक शुल्काच्या सवलतीसाठी. पण घर बघतात, भांडतात, यादी करतात ते नवरेच, आणि बायका शेवटी येऊन सही करून जातात. मला ते सोपं जातं. एका घराचा एकच माणूस सांभाळायचा.

ओट्यावर पुन्हा लाल स्टिकर. बद्रीनाथला विचारलं तर शपथ घेऊन म्हणाला मी नाही. सातव्या मजल्यावर पोरं येतात की काय? वॉचमनला ताकीद दिली.

रात्री आई नेहमीसारखी स्वयंपाकघरात खाली बसून कणीक मळत होती. चकचकीत ओटा रिकामा. सवयीपुढे इलाज नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज खरी मजा आली. काकांनी बाथरूमच्या फरशीवर एक मग पाणी ओतलं आणि घड्याळ लावून बसले. मी, बद्रीनाथ आणि काका, तिघंही उकिडवे बसून पाण्याकडे बघतोय. चाळीस सेकंदांत जाळीत गेलं. काका उठले आणि बद्रीनाथशी हस्तांदोलन केलं. बद्रीनाथच्या डोळ्यांत पाणी. कारखान्यात चौतीस वर्षं ह्या माणसाच्या हाताखाली लोकांनी कशी काढली असतील असं आधी वाटायचं. आज कळलं. असा हात मिळवून घेण्यासाठीच काढली असतील.

एवढ्यात काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "नम्रता, इथे एखादा पाट मिळेल का गं?" साइटवर पाट कुठला मिळणार! ऑफिसातली गादीची खुर्ची वर पाठवली. दमल्या असतील. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्चीवर पिशवी ठेवली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

एकूण त्रेचाळीस मुद्दे. बेचाळीस हिरवे. उरली फक्त बाल्कनीच्या दाराची कडी. इमारतीत सत्तेचाळीस सह्या झाल्या. अठ्ठेचाळीसावी हीच.

ओट्यावरचा स्टिकर तिसऱ्यांदा काढला. आता मला रागच येतो.

केदारचा फोन आला होता. "काय गं, होतंय का?" म्हटलं, पुढच्या गुरुवारी पेढे खायला ये.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

नीट, क्रमाने लिहिते.

कडीही हिरवी झाली. काकांनी गोटी पुन्हा ठेवली आणि ती जागची हलली नाही. ते म्हणाले, "नम्रताबाई, तुम्ही आमच्या खात्यात असतात तर मी लवकर निवृत्त झालो असतो. हरकत नाही." मी पेढ्यांचा पुडा उघडला आणि ताबापत्र काढलं. पेन काकांपुढे धरलं.

"मला काय देता? घर हिचं आहे," काका म्हणाले.

मला ठाऊक होतं. कागदावर नाव त्यांचंच. मी म्हटलं, "हो हो, काकूंची फक्त सही हवी."

"फक्त," काकू म्हणाल्या. पर्समधून चष्मा काढला. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. पहिल्या ओळीपासून बोट फिरवत वाचायला बसली. शेवटच्या वाक्यावर बोट थांबलं.

"हे मी कसं लिहून देऊ? माझी आहे की तक्रार."

मी यादी पुढे केली. "काकू, त्रेचाळीसही मुद्दे पूर्ण झालेत. बघा, सगळे हिरवे."

"ते ह्यांचे. माझा एकच होता." त्या उठल्या आणि ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी सात आठवडे त्यांना तिथेच उभं पाहत होते. आज पहिल्यांदा दिसलं, ओट्याची कड जवळजवळ त्यांच्या कोपरापर्यंत येत होती. त्यांची उंची चार फूट नऊ इंच. "इथे मला पोळी लाटता येत नाही. खांदे कानाला लागतात. मी तुला विचारलं, टिकली लावली, पाट मागितला. पाटावर उभं राहून तरी जमतंय का बघायचं होतं."

"ती टिकली तुम्ही लावायचात?"

"तीनदा. दरवेळी कुणीतरी काढून टाकायचं. म्हटलं, नापास झाली असेल."

काकांनी गोटी खिशात टाकली. मग म्हणाले, "अगं, मला का नाही बोललीस?"

"बोलले. घरी तुम्ही कपाटाखाली हात घालून गोटी शोधत होतात. 'हं' म्हणालात."

पेढे कुणीच घेतले नाहीत. बद्रीनाथने शेवटी एक घेतला, पण तोंड फिरवून.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सरांकडे गेले. सर म्हणाले, "ओटा चौतीस इंच, नकाशाप्रमाणे. नकाशाप्रमाणे आहे म्हणजे दोष नाही. त्यांना एक छानसा पाट घेऊन दे आणि सही घे. एकीचा फोडलास तर उद्या सत्तेचाळीस जणी येतील."

संध्याकाळी घरी गेले ती टेप घेऊनच. आई खाली बसून भाजी निवडत होती. मला एकदम भरून आलं. सहा वर्षं ही बाई आपल्या ओट्यापायी जमिनीवर बसते आणि मी सवय म्हणून सोडून देते! ओटा मोजला, मग आईला उभं करून मोजायला लागले.

"काहून मोजून राहिली व मले?" आई म्हणाली. सगळं सांगितलं. ती हसत सुटली. "ओट्याचं काही नाही व. खाली बसलं की दारातून सगळी गल्ली दिसते. कोण आलं, कोण गेलं. परतेक गोष्ट तक्रार नसते, नम्रू."

म्हणजे न विचारता मी आधी एक चूक केली, आणि आता न विचारता उलट बाजूची दुसरी. टेप पर्समध्ये ठेवली.

गुरुवार, ६ मार्च

काकू एकट्या आल्या. म्हणाल्या, "हे सांगत होते, माझ्या सहीवर तुझी बढती अडलीय. आण कागद. बत्तीस वर्षं शाळेच्या उंच फळ्याशी जमवून घेतलं, ह्याच्याशीही घेईन."

इथे खोटं लिहीत नाही. मी कागद काढला. पेनाचं टोपण काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी टेकवलंही. फक्त ते शेवटचं वाक्य त्या पुन्हा वाचायला लागल्या, ओठ हलवत, मुलांना वाचून दाखवतात तसं. माझी. कोणतीही. तक्रार. शिल्लक. नाही.

मी म्हटलं, "काकू, आज नको."

"अगं, मी देतेय ना!"

"माहितेय. पण आज नको. उद्या पीठ आणाल का? चांगलं किलोभर."

केदारचं नशीब जोरावर आहे असं दिसतं. झोप मात्र लागेल.

शुक्रवार, ७ मार्च

बद्रीनाथने रिकाम्या हॉलमध्ये टाइल्सची खोकी रचून त्यावर फळी टाकली. वर प्लायचे तुकडे, एकेक काढला की अर्धा इंच कमी. काकूंनी परात ठेवली आणि चौतीसपासून कणीक मळायला घेतली. चौतीसला त्या चवड्यांवर. तेहतीसला टाचा टेकल्या, खांदे वर. काका वहीत आकडे टिपत होते. चेहरा असा की कारखाना पुन्हा सुरू झालाय.

"बत्तीसला कसं वाटतंय? दहापैकी किती?"

"मळताना बोलवत नाही. गप्प बसा."

एकतीसला काकूंचे दंड सैल झाले. तीसला वाकायला लागल्या. बद्रीनाथने एक तुकडा परत घातला. साडेतीस. त्या मळत राहिल्या, बराच वेळ, आम्ही सगळे आहोत हे विसरून. मग म्हणाल्या, "हां."

बद्रीनाथने भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. काकांनी ती लेव्हल लावून तपासली. कणीक कामगारांच्या चुलीवर गेली. बारा जण जेवले.

सोमवार, १० मार्च

सत्तेचाळीस सह्या झालेल्या याद्या काढून बसले. फॉर्मवर 'तक्रार सांगणाऱ्याचे नाव' हा रकाना एकच. तो फॉर्म मीच बनवला होता. एक्केचाळीस याद्यांत पुरुषाचं नाव.

त्या एक्केचाळीस घरांत फोन लावले आणि घरातल्या बाईला मागितलं. एका गृहस्थांनी विचारलं, "का? मी सांगतो ना." मी म्हटलं, "तुमचं लिहून झालंय." एकीने सांगितलं, धुण्याच्या मशीनचा नळ मशीनच्या मागे येतो, बंद करायला रोज मशीन ओढावं लागतं. एकीचा ओटा फार बुटका, ती पाच फूट नऊ. एकजण म्हणाली सगळं मस्त आहे, पण विचारलंत म्हणून दहा मिनिटं बोलणार, आणि बोलली. एकोणीस घरांत काही ना काही निघालं.

म्हणजे माझ्या सत्तेचाळीस 'शिल्लक नाही'पैकी एकोणीस ठिकाणी शिल्लक होती. आणि हे आता सरांना सांगायचंय. मीच.

बुधवार, १२ मार्च

सांगितलं. सरांनी कागद बघितला, मग खिडकीबाहेर बघितलं.

"नम्रता, लोक तक्रारी कमी करतात. तू सह्या झालेल्या घरांतून नवीन काढून आणल्यास."

"जुन्याच आहेत सर. लिहून आत्ता घेतल्या."

"दुसऱ्या टप्प्याचे ओटे किती उंच आहेत?"

"नकाशात चौतीस. बांधलेले नाहीत अजून. आत्ता विचारलं तर फक्त रेघ बदलायची. नंतर ग्रॅनाइट फोडायचा."

मी उठताना एकच म्हटलं, "सर, माझ्या आकड्यांवर विश्वास नसेल तर आज घरी एकदा विचारून बघा."

फार बोलले. अशी मी नसते. बहुधा पुणं बाधलं.

शनिवार, १५ मार्च

सर साडेनऊला साइटवर हजर. एरवी अकराच्या आत दिसत नाहीत. माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"विचारलं," ते म्हणाले.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"पाऊण तास म्हणाली. जेवण गार झालं." चष्मा पुसला. "माझ्या स्वतःच्या घरी, सोळा वर्षं, गॅसच्या शेगडीवर तिचीच सावली पडते. दिवा तिच्या पाठीमागे आहे. तो दिवा मी स्वतः उभं राहून बसवून घेतला होता." चष्मा परत लावला. "बी-७०४ चा फोडा."

बद्रीनाथने जिन्यातून खाली हाक मारली ती मांजरी गावात ऐकू गेली असेल.

मंगळवार, २५ मार्च

सिंकचा पाइप खाली घेतला. टाइल्सची ओळ काकांच्या देखरेखीखाली लागली. आणि आज ग्रॅनाइट आला तो कोपऱ्यात तडा गेलेला. बद्रीनाथ म्हणाला, "चिकटवून देतो मॅडम, बापजन्मात दिसणार नाही." मी आणि काका एकदमच "नाही" म्हणालो.

नवीन यायला आठ दिवस. पाडवा पाच दिवसांवर. असो.

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा

ऑफिसात पूजा, साखरेच्या गाठी, नवे शर्ट. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "किती सह्या?"

"सत्तेचाळीस. त्यातल्या एकोणीस घरांत कामं चालू आहेत, म्हणजे त्या धरू नका. अठ्ठावीस."

केदार माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. त्याच्या साइटवर बावन्नपैकी बावन्न आहेत.

"केदार," सर म्हणाले, "तुझ्या बावन्न घरांत ओटे बरोबर आहेत?"

"तसं कुणी काही बोललं नाही, सर."

"हं," सर म्हणाले. मग मला : "तुझ्या अठ्ठावीसवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो. दुसरा टप्पा तू घे. पण शहाण्णव ग्राहकांच्या घरी जाऊन विचारायचं, तेही घरातल्या प्रत्येकाला, आणि वेळापत्रक एक दिवससुद्धा पुढे जाणार नाही. ते कसं करायचं ते तुझं तू बघ."

केदार नंतर हळूच येऊन म्हणाला, "तो नवीन फॉर्म मला पाठव ना."

आईला सांगितलं. यवतमाळला बातमी सव्वा मिनिटात पोचली.

गुरुवार, १० एप्रिल

बी-७०४ ची वास्तुशांत. सकाळी लवकर बोलावलं होतं. भटजी यायच्या आधी काकूंनी चष्मा लावला, ताबापत्र पहिल्या ओळीपासून वाचलं, शेवटच्या वाक्यावर मान डोलावली आणि सही केली. शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं गोल, मोठं अक्षर. काकांनी सहीखालची तारीख तपासली. आता तपासायला काही उरलं नाही म्हणून जरा कावरेबावरे झालेत. बद्रीनाथने त्यांना दुसऱ्या टप्प्यावर चहाला बोलावलंय. हे मला विचारून केलेलं नाही, पण चालेल.

कागद पर्समध्ये टाकून मी निघणार, तर काकू म्हणाल्या, "कुठे चाललीस? चाळीस माणसं जेवायला आहेत. पुऱ्या लाटायला उभी राहा."

माझी उंची पाच फूट आठ. ओटा साडेतीस इंच. दहाव्या पुरीला कंबर बोलायला लागली, पन्नासाव्या पुरीला मी तिला उत्तरं द्यायला लागले. काकू शेजारी ताठ उभ्या, खांदे सैल, माझ्या एका पुरीमागे त्यांच्या तीन, आणि तोंडाने नारायण पेठेतल्या शेजारणींच्या गोष्टी. मधेच माझ्याकडे वर बघून विचारलं, "काय गं, त्रास होतोय का?"

"छे, छे," मी म्हटलं.

"नक्की?"

"थोडा," मी म्हटलं.

"मग आधीच सांगायचं नाही का?" त्या म्हणाल्या, आणि मला तळणाकडे पाठवलं.